नाचता येईना, लॉन वाकडं

एप्रिल लागला, गवताने मान वर काढली, की ओहायोतल्या आमच्या मराठी वस्तीत दर शनिवारी एकच कीर्तन रंगतं. गवत कापायचा झिरो-टर्न मोवर सुरूच होत नाही. गवत पट्ट्यापट्ट्यांनी कापतो. सरळ चालवला तरी डावीकडे ओढतो. चढ आला की दम टाकतो. आणि शेवट ठरलेला: "काय सांगू, साडेतीन हजार डॉलर घातले, कंपनीने चुना लावला." हे म्हणणारे गृहस्थ कोण? निम्मे मेकॅनिकल इंजिनिअर, उरलेले इलेक्ट्रिकल. कचेरीत दुसऱ्यांच्या चुकांचं मूळ शोधून देण्याचा पगार घेतात आणि घरच्या गराजमध्ये बॅटरीचं टर्मिनल हलवून बघायचं यांना सुचत नाही.

म्हणून एकदाचं स्पष्ट लिहितो. तुमच्या मोवरमध्ये बिघाड फार थोडा आहे. खरा बिघाड तुमच्या निदानात आहे. आधी व्हिडिओ बघायचा, मग भाग मागवायचा, मग तो बसवायचा आणि तरीही यंत्र हललं नाही की कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. रोग काय, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही.

यंत्र समजायला अवघड असतं तर मी गप्प बसलो असतो. एक इंजिन. त्याच्यावरून एक बेल्ट विजेच्या क्लचमार्फत पात्यांकडे जातो. दुसरा बेल्ट दोन हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनकडे जातो, मागच्या प्रत्येक चाकाला एक. डावा लिव्हर डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. एक पुढे आणि एक मागे केला की यंत्र जागच्या जागी फिरतं. पुढची चाकं नुसती कॅस्टर, ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी. त्यांचा दिशेवर काडीचा ताबा नाही. कॅन्ससच्या जॉन रेगियर यांनी १९६०च्या दशकात 'हसलर' बाजारात आणला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत हिरवळीखाली सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर जमीन आहे, म्हणजे निम्म्या महाराष्ट्रापेक्षा जास्त. ती कापणाऱ्यांतल्या बहुतेकांनी इंजिनिअरिंगच्या कॉलेजची पायरीही चढलेली नाही. त्यांचे मोवर चालतात.

आता तक्रारी एकेक घेऊ.

सुरू होत नाही? बसलात का नीट सीटवर? दोन्ही लिव्हर बाहेर, न्यूट्रलला आहेत? पार्किंग ब्रेक लावलाय? पात्यांचा स्विच बंद आहे? बऱ्याच मॉडेलांत यातलं एक जरी चुकलं तरी स्टार्टरला वीज मिळत नाही. हा बिघाड नाही, ही रचना आहे, आणि ती पुस्तिकेच्या पहिल्या काही पानांत चित्रासकट छापलेली असते. ती पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद असेल, तर तक्रारीचा अधिकार तुम्ही गमावला आहे. हे सगळं ठीक असेल तर मल्टीमीटर घ्या. स्वस्तात मिळतो. चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. बॅटरी भरलेली आहे आणि तरी नुसतं 'टक्' करून गप्प? मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासा, अर्थिंगची वायर घट्ट करा. याला पैसा लागत नाही. हात काळे होतात, एवढंच.

हात काळे होतात, इथेच घोडं अडतं. आपण सातासमुद्रापार आलो, पण 'माणूस बोलावू' ही सवय सामानात घालून आणली. ग्रीस हे दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांसाठी असतं, ही समजूत व्हिसाच्या कागदपत्रांबरोबरच इथे उतरली. बारशापासून बढतीपर्यंत स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणारा माणूस स्पार्क प्लगचा पाना कोणता, हे विचारायला लाजतो आणि दोनशे डॉलरचा भाग मागवायला लाजत नाही.

बॅटरी भक्कम आहे, पण इंजिन अर्धा फेरा मारून अडतं, हा प्रकार तर या प्रवृत्तीचा कळस. पहिल्यांदा नवी बॅटरी येते. तरी अडतं. मग नवा स्टार्टर. तरी अडतं. मग मोवर ट्रेलरवर चढून दुकानात जातो. इंजिन सुरू होताना सिलिंडरमधला थोडा दाब सोडून देण्याची सोय त्याच्या पोटातच केलेली असते. व्हॉल्व्हची फट वाढली की ती सोय निकामी होते आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांत हे नेहमीचं आहे. फीलर गेज, दोन पाने आणि एक निवांत दुपार, एवढ्यावर काम भागतं. पण नाही! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

सुरू होतो पण भकभकतो, मरतो? ऑक्टोबरात टाकीत राहिलेलं पेट्रोल तुम्ही एप्रिलमध्ये जाळायला निघालात. इथल्या पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट राळ धरतं. हिवाळ्याआधी स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडं चालवायचं, किंवा टाकी रिकामी करायची, हे दर वर्षी सांगावं लागतं. वर कुणी चार पैसे वाचवायला १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरतो. मोवरच्या इंजिनात ते वापरायला कायद्याने मनाई आहे आणि पंपावरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं; पण वाचणं हा आमचा धर्म नव्हे. आणि अर्धा तास छान चालून मरणारा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होणारा मोवर? टाकीचं झाकण सैल करून बघा. सैल झाकणावर चालत असेल, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. या रोगावर लोकांनी पेट्रोलचा पंप, फिल्टर, कॉइल असं सगळं बदललेलं मी पाहिलं आहे. झाकण मात्र जुनंच.

आता वाकडं कापण्याचं प्रकरण. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली, पण तिचा उपयोग आपण फक्त सुनेवर केला. चारी टायरांची हवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यानुसार भरली का? एका बाजूचा टायर मऊ असेल तर यंत्र तिकडे झुकतं आणि पात्यांवरचा डेकही झुकतो. हवा न तपासता डेकचे बोल्ट फिरवत बसणारा माणूस चूक दुरुस्त करत नाही, दुसरी चूक रचतो. हवा झाली की सपाट फरशीवर पाती आडवी धरून दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. दोन बाजूंत सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून जास्त फरक नको. मग पुढून-मागून बघा: पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली हवी. मग पात्यांची धार. गवताची टोकं दुसऱ्या दिवशी पांढरट-तपकिरी दिसली तर तुम्ही गवत कापलं नाही, उपटलं. पातं उलटं बसवणारे महाभागही आहेत, त्यांना प्रणाम. डेकखाली चिखलासारखा घट्ट बसलेला ओला थर खरवडा. थ्रॉटल पूर्ण ठेवा आणि चाल कमी करा. अर्ध्या थ्रॉटलवर धावत सुटायचं आणि पात्याला नावं ठेवायची, हा अन्याय आहे. आणि तीन आठवडे वाढलेलं गवत एका फेरीत बुंध्यापर्यंत खाली आणायला जाऊ नका. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, हे गवताच्या पुस्तकाचं पहिलं पान.

एका बाजूला ओढतो? पुन्हा हवा. मग लिव्हरजवळचा ट्रॅकिंगचा बोल्ट, तोही पाव-पाव फेऱ्याने. जागचा हलतच नाही, इंजिन मात्र मस्त चालू? गराजमध्ये ढकलताना मागचे बायपासचे दांडे तुम्हीच उघडे ठेवलेत. हायड्रोचं तेल नुकतं बदललं आणि आता चाल लटपटते? आत हवा अडकली. मागची चाकं उचलून, आधार देऊन, बायपास उघडा. लिव्हर पुढे-मागे चालवा. मग बायपास बंद करून पुन्हा तेच करा. तापल्यावर चढ चढवत नाही? बेल्ट, त्याची स्प्रिंग, ट्रान्समिशनवरचा पंखा, तेलाची पातळी, या क्रमाने. ट्रान्समिशन गेलं, हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. आमची मंडळी तो पहिल्या वाक्यात काढतात, कारण महाग निदान केलं की आपण जाणकार वाटतो.

इथवर थट्टा होती. पुढच्या गोष्टीची थट्टा करवत नाही. सीटखालचा स्विच सारखा इंजिन बंद पाडतो, म्हणून त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून टाकणारे लोक आहेत, आणि ही युक्ती ते मुलांच्या वाढदिवसाला अभिमानाने सांगतात. पाती फिरत असताना तुम्ही उठलात किंवा फेकले गेलात तर इंजिन आणि पाती थांबावीत, एवढ्यासाठी तो स्विच आहे. त्याच अंगणात तुमचं पोर अनवाणी धावतं. स्विच खराब असेल तर नवा बसवा. सगळ्या यंत्रातला तो सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. उतारावरची मर्दुमकी याच जातीची. झिरो-टर्नचं वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांच्या हाती. ओल्या उतारावर ती घसरली की ना दिशा उरते, ना ब्रेक. बऱ्याच पुस्तिका १५ अंशांची मर्यादा घालतात, काही त्याहूनही कमी. डोक्यामागची संरक्षक कमान गराजच्या दाराला लागते म्हणून कायमची दुमडून ठेवणाऱ्याने निदान तेव्हा पट्टा तरी बांधू नये, कारण यंत्र उलटलं तर तो त्याच्याखालीच बांधलेला राहील. ही दोन वाक्यंही पुस्तिकेतच आहेत.

कंपन्या साधू आहेत, असं मी म्हणत नाही. स्वस्त मॉडेलांत तेल बदलायची सोयच नसलेली ट्रान्समिशनं बसवायची आणि वर 'देखभालीची गरज नाही' असं छापायचं, ही लबाडी आहे. दुरुस्तीच्या हक्काचा लढाही खरा आहे: कोलोरॅडोने २०२३मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला, आणि जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्तीवरच्या निर्बंधांवरून डीअर कंपनीला कोर्टात खेचलं. आमच्या बैठकीत या बातमीवर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीजणांनी स्वतःच्या मोवरच्या इंजिनावरचं झाकण काढून पंख्याखाली साठलेलं वाळकं गवत उपसलं आहे? त्याला ना कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर आडवं येतं, ना वकील. हक्क मागताना जो उत्साह असतो, तो पाना धरताना कुठे जातो?

ज्यांना हे काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठी प्रामाणिक मार्ग खुला आहे. पाव एकराच्या अंगणात झिरो-टर्न मुळात लागतच नाही. तो विका, साधा ढकलायचा मोवर घ्या किंवा गवत कापणाऱ्या पथकाला कामाला लावा. पण मग त्या पथकातल्या मेक्सिकोच्या किंवा ग्वातेमालाच्या माणसाला 'अनस्किल्ड' म्हणणं बंद करा. तो इंजिनाचा आवाज ऐकून आधी टाकीचं झाकण सैल करतो, मग टायर दाबून बघतो, मग पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवतो, आणि खिशात हात घालायची वेळ आली तर सगळ्यात शेवटी घालतो. याच क्रमाला इंजिनिअरिंग म्हणतात. पदवी तुमच्याकडे आहे, ती भिंतीवर राहू द्या. बिल मात्र तो म्हणेल तेवढं द्या, घासाघीस न करता.