उपग्रहाला पाणी दिसतं, नुकसान नाही! पूरनकाशा शेतकऱ्याच्या किती कामाचा?

विलेपार्ले : २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. विलेपार्ल्याच्या शेजारी, विमानतळाजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्यात मात्र जेमतेम ७३-७४ मिलिमीटर. मिठी नदी फुगली, विमानतळ बंद पडला. पाणी नेमकं कुठवर आलं हे वरून पाहायचं, तर आभाळ ढगांनी भरलेलं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं काहीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे रडारचा उपग्रह. भारताने बनवलेला रिसॅट-१ हा २०१२ मध्ये वर गेला. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ मध्ये, तर इस्रो-नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटला. रडारच्या लहरी ढगातून, रात्रीच्या अंधारातूनही खाली येतात. साचलेलं पाणी आरशासारखं सपाट असतं, त्यामुळे लहर दुसरीकडे निघून जाते आणि फोटोत ती जागा काळी दिसते. पुराआधीचा आणि पुरातला फोटो शेजारी ठेवला की नव्याने काळी झालेली जागा म्हणजे पूर. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे बनवतं आणि 'भुवन' या संकेतस्थळावर ठेवतं.

आता यातली मेख. सेंटिनेलचा एक उपग्रह त्याच मार्गाने बारा दिवसांनी परत येतो, निसारचंही तेच. मिलन सबवे, अंधेरी सबवेत पाणी काही तासांत भरतं आणि उतरतं. तेवढ्यात उपग्रह डोक्यावर असेलच असं नाही. शिवाय इमारतींच्या भिंतींवरून लहर उलटी फिरते, त्यामुळे गल्लीतलं पाणी नकाशात सुटून जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे आणि शिरोळ तालुक्यात पाणी कित्येक दिवस बसून होतं. असा पूर उपग्रहाला बरोबर सापडतो. पण तिथेही उंच उसाच्या बुडात साचलेलं पाणी पानांआड लपू शकतं.

म्हणून नकाशात शेत कोरडं दिसलं, म्हणजे नुकसान झालं नाही असं कुणी म्हणू नये. पाणी दोन दिवस राहिलं की आठ, सोयाबीन कुजलं की वाचलं, हे एका फोटोवरून कळत नाही. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं, ते बांधावर जाऊनच ठरतं. तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा त्यामुळे सुटत नाही.

नकाशाचा खरा उपयोग साक्षीदार म्हणून आहे. अमुक तारखेला या गटात पाणी होतं, एवढं तो सांगतो. पण त्या गटात पीक कोणतं होतं हे सातबारा सांगतो. ई-पीक पाहणीत नोंदच नसेल, तर साक्षीदार असूनही दावा लंगडा पडतो. तेव्हा पेरणीनंतर ठरलेल्या मुदतीत पीक नोंदवावं. पाणी शेतात असतानाच तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढावेत. पीकविमा असेल तर त्याच्या सध्याच्या अटी पाहाव्यात.

आणि ग्रामपंचायतीने तहसीलकडे आपल्या शिवाराचा पूरनकाशा मागावा, तो ग्रामसभेत लावावा. कुठल्या शेतातलं पाणी नकाशात सुटलं, हे गावाइतकं चांगलं कोण सांगणार?