मार्गदर्शन : ‘आम्ही केले’ नको, ‘मी केले’ लिहा



ज्या इमारतींवर आपल्या वडीलधाऱ्यांनी घमेली वाहिली, तशाच इमारतींचा हिशेब आज आपल्यातली काही मुलेमुली करीत आहेत. स्थापत्यशास्त्र शिकून कुणी मुंबई-पुण्यात, तर कुणी दुबईकडे क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून नोकरी करतात. कामाचे मोजमाप घेणे, दर ठरवणे, ठेकेदाराची बिले तपासणे, करार सांभाळणे हे त्यांचे काम. या धंद्यात पुढे जायचे तर एक मोठी पायरी आहे, ती म्हणजे लंडनच्या आर.आय.सी.एस. या संस्थेचे सभासदत्व. ही संस्था १८६८ साली स्थापन झाली आणि १८८१ साली तिला राजसनद मिळाली. आखाती देशांतल्या नोकऱ्यांत या सभासदत्वाला वजन आहे.

ते मिळवण्यासाठी ए.पी.सी. नावाची पारख असते. आधी आपल्या कामाचा लेखी अहवाल सादर करायचा, मग तासाभराची मुलाखत द्यायची. आमचे असे मत आहे की, आपली मुले ज्ञानात कमी पडत नाहीत, लिहिण्यात कमी पडतात. म्हणून नेहमी होणाऱ्या चुका येथे सांगत आहोत.

पहिली चूक ‘आम्ही’ची. आपण चळवळीत वाढलेली माणसे. ‘आम्ही केले’, ‘साहेबांनी सांगितले म्हणून झाले’ असे बोलण्याची आपल्याला सवय आहे. सभेत ते शोभते, या अहवालात नाही. परीक्षकाला कंपनीची नव्हे, उमेदवाराची पारख करायची असते. ‘आमच्या टीमने स्टीलचे बिल तपासले’ असे लिहिले तर उमेदवाराने काय केले ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘ठेकेदाराची स्टीलची मोजणी मी नकाशाशी ताडून पाहिली. लॅपची लांबी दोनदा धरलेली आढळली. तेवढी रक्कम वजा करावी, असा सल्ला मी मालकाला कारणासह दिला.’ यात बढाई नाही. स्वतःच्या कष्टाची नोंद स्वतःच्या नावावर करणे हा आपला हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कष्टाची नोंद दुसऱ्याच्या नावावर झाली. निदान आपल्या हाताने तरी ती तशी करू नये.

दुसरी चूक पायऱ्या न ओळखण्याची. प्रत्येक विषयात तीन पायऱ्या असतात : माहिती असणे, प्रत्यक्ष काम करणे आणि कारणे देऊन सल्ला देणे. पुष्कळजण तिसऱ्या पायरीच्या जागी पुस्तकातली व्याख्या उतरवतात. तेथे व्याख्या नको. कोणता पेच होता, कोणते मार्ग होते आणि अमुकच मार्ग का सुचवला, ते हवे.

तिसरी चूक केस स्टडीची. मोठ्या प्रकल्पाचे नाव दिले की छाप पडते, हा गैरसमज आहे. ३,००० शब्दांपैकी निम्मे शब्द इमारतीच्या वर्णनात घालवले, तर स्वतःविषयी सांगायला जागा उरत नाही. काम लहान असले तरी चालेल; त्यातले एक-दोन खरे पेच घ्यावेत. नाकारलेला मार्ग का नाकारला, तेही लिहावे. काम साधारण गेल्या दोन वर्षांतले असावे आणि मालकाची गुप्त माहिती परवानगीशिवाय देऊ नये.

चौथी चूक सर्वांत घातक आहे. पास झालेल्या मित्राचा अहवाल मागून घ्यायचा आणि नावे बदलून पाठवायचा. काहीजण न केलेल्या शिक्षणाचे तासही लिहून टाकतात. वर्षाला किमान ४८ तासांच्या अभ्यासाची नोंद लागते. ती दर आठवड्याला केली तर खोटे लिहिण्याची वेळ येत नाही. आपण पंचशील ग्रहण करणारे लोक आहोत. चौथे शील केवळ विहारात म्हणण्यासाठी नाही, फॉर्म भरतानाही ते पाळायचे आहे. शिवाय मुलाखतीत नीतिमत्तेच्या प्रश्नावर जो घसरतो, त्याला बाकीचे ज्ञान वाचवू शकत नाही.

पाचवी चूक घाईची. शब्दमर्यादा ओलांडणे, एका पानावरची तारीख किंवा रक्कम दुसऱ्या पानाशी न जुळणे, मार्गदर्शकाला शेवटच्या रात्री कागद दाखवणे. मसुदा दोन महिने आधी तयार ठेवावा. नियम व शब्दमर्यादा बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची मार्गदर्शिका हाताशी ठेवूनच लिहावे.

आता घरच्यांना दोन शब्द. इंग्रजी येत नाही म्हणून आपला उपयोग नाही, असे आईवडिलांनी समजू नये. मुलीला किंवा मुलाला समोर बसवावे, काय काम केले ते मराठीत सांगायला लावावे आणि प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारावे. ज्या बापाने गवंडीकाम केले, ब्रासचा हिशेब तोंडपाठ ठेवला, त्याच्याइतका चांगला परीक्षक घरबसल्या दुसरा मिळणार नाही. ज्याला आपले काम आईबापाला समजावता येते, त्याला ते परीक्षकालाही समजावता येते.

आणि पहिल्या खेपेला यश आले नाही तर? पूज्य बाबासाहेबांचे स्मरण करावे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडन विद्यापीठाचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. ते मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा लिहिला, आपले निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ साली तो मान्य झाला. ए.पी.सी.तही नापास उमेदवाराला उणिवांचा अहवाल मिळतो. लाजेने तो पेटीत दडवू नये. त्यातली एकेक उणीव खोडत पुढचा मसुदा लिहावा.

जय भीम!