संगणकातील कचरा काढा, पण डोळे उघडे ठेवून!



शाळेचा संगणक स्लो झाला की आपण लगेच म्हणतो, "जुना झाला, आता नवीन पाहिजे." पण आधी 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हची पट्टी बघा. ती लाल झाली असेल, तर दोष संगणकाच्या वयाचा नसून आपल्या सवयीचा असू शकतो. विंडोजला काम करायला मोकळी जागा लागते. ती नसली की अपडेट अडतात आणि संगणक रखडतो.

त्यासाठी कुठलंही फुकटचं 'क्लीनर' सॉफ्टवेअर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोजमध्येच सोय आहे. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोधा, सी ड्राइव्ह निवडा, टेम्पररी फाइल्स आणि थंबनेल्सवर टिक करून ओके द्या. हा संगणकाने स्वतः केलेला कचरा, तो बिनधास्त काढा. रिसायकल बिन मात्र आधी उघडून बघा, मगच रिकामी करा. तोपर्यंत डिलीट केलेल्या फाइल्स जागा अडवूनच बसतात.

आता माझी चूक ऐका. काही संगणकांत त्याच यादीत 'डाउनलोड्स' हे नावही दिसतं. घाईत मी त्यावरही टिक केली. चौथीच्या आकारिक नोंदींची एक्सेल फाइल मी मेलवरून उतरवून तिथेच भरत होते. ती गेली! रिसायकल बिनमध्येही सापडली नाही. वहीत नोंदी होत्या म्हणून वाचले, पण पुन्हा टाइप करण्यात तीन रात्री गेल्या.

तेव्हा कळलं, संगणकाला त्याचा कचरा ओळखता येतो, आपला नाही. एकच परिपत्रक चारदा उतरवलेलं, स्नेहसंमेलनाचे तेच व्हिडिओ दोन फोल्डरमध्ये, हे आपणच बघून काढायचं. फोल्डरमधल्या फाइल्स आकारानुसार लावल्या की मोठ्या फाइल्स लगेच वर दिसतात.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर यासाठी फक्त 15 मिनिटं द्या. निकाल, हजेरी आणि नोंदी डी ड्राइव्हवर ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉपवरची फाइलही सहसा सी ड्राइव्हमध्येच असते, हे विसरू नका.

नवीन संगणक मिळेल तेव्हा मिळेल. हातातला तरी मुलांसाठी नीट चालू ठेवूया. आणि डिलीट करण्याआधी एकदा फाइल उघडून बघा!