शेजारधर्माला व्यवस्थेची जोड

नोकरदाराच्या घरावर संकट कोसळले म्हणजे त्याच्या मदतीस प्रथम कोण धावते, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात तरी शोधत बसावे लागत नाही. शेजारी धावतो, गाववाला धावतो, कचेरीतील सहकारी धावतो. मालक, महामंडळ आणि सरकार यांची पाळी त्यानंतर येते. पुष्कळदा ती येतच नाही. या अनुभवातून एक समजूत रूढ झाली आहे. समाजात आपुलकी शिल्लक आहे तोवर कर्मचाऱ्याच्या कल्याणाची वेगळी चिंता वाहण्याचे कारण नाही, अशी ती समजूत. ती ऐकावयास सुखद आहे. परंतु तपासून पाहू गेल्यास फार काळ टिकत नाही.

गिरणगावाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून मुंबईत आलेला गिरणी कामगार बहुधा आपल्या गावकीच्या खोलीत राही. तेथे माणसे पाळीनुसार झोपत, भाडे वाटून घेत आणि आजारी पडलेल्याची काळजी खोलीच घेई. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, तेही महिन्याच्या उधारीवर. १९७३-७४ च्या संपात पगार थांबले तेव्हा या बायकांनी अन्न थांबवले नाही. दागिने गहाण ठेवून, सावकाराकडून भारी व्याजाने पैसे उचलून त्यांनी कामगारांना जेवू घातले. त्या कर्जाच्या विळख्यातून त्यांना सोडविण्याच्या प्रयत्नांतूनच प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाचे दार या स्त्रियांना उघडले. या हकिकतीचा पूर्वार्ध सर्वजण कौतुकाने सांगतात. उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. आपुलकीने संप निभावला खरा, पण आपुलकीपोटी झालेले कर्ज फेडावयास संघटना आणि बँक लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने या आपुलकीची मर्यादा अधिकच उघड केली. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने गावाने, गावकीने आणि वाण्याच्या उधारीने तग धरला. पुढे गावाकडची शेतीच तोकडी, वाणीही कामगारांच्याच पगारावर जगणारा आणि शेजारीही संपावरच, अशी स्थिती झाली. मदत करण्याची इच्छा आटली नव्हती. मदत करू शकणारे हातच एकाच वेळी रिकामे झाले होते.

यामागील अर्थशास्त्र साधे आहे. विम्याचे तत्त्व असे की पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्या मोजक्यांवर आपत्ती येईल त्यांची भरपाई त्यातून व्हावी. भिशी असो, चाळीतील वर्गणी असो किंवा कचेरीत एखाद्याच्या शस्त्रक्रियेसाठी फिरवलेली यादी असो, या सर्वांचा आधार हाच आहे. एकाच्या घरी आजारपण आले तर एकोणीस घरे त्याला सावरतात. पण वीसही घरांची चूल एकाच भोंग्यावर अवलंबून असेल आणि तो भोंगाच बंद पडला, तर कोणी कोणाला सावरायचे? २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली तेव्हा हेच घडले. वस्त्या-वस्त्यांतून शिधा वाटला गेला, सामुदायिक स्वयंपाकघरे चालली. तरीही लक्षावधी मजुरांना शहर सोडून पायी गावाची वाट धरावी लागली. शेजारधर्म तेव्हा कमी पडला तो माणुसकीच्या अभावी नव्हे, तर त्याचे वर्तुळ लहान असल्यामुळे.

हे वर्तुळ मोठे करण्याचे प्रयत्न या देशात झाले नाहीत असे नाही. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली. तिच्यात मालक आणि कामगार दोघांचीही वर्गणी असते. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी केलेला कायदा तर या बाबतीत देशाला मार्ग दाखविणारा ठरला. माथाडीला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर तो ओझे वाहतो. अशा माणसाचे कल्याण कोणी पाहावे, हा पेच त्या कायद्याने मंडळ स्थापून सोडविला. मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मालकांनी मंडळात भरावी आणि मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची व्यवस्था पाहावी, अशी ही योजना. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे हे फळ होय. मालक बदलला तरी आधार बदलत नाही, हे त्यातील मर्म आहे.

आज या मर्माचे स्मरण करण्याची निकड अधिक आहे. कायम नोकरीतील शिक्षक वा लिपिक यांना पगारदार पतसंस्थेचा आधार असतो. दोन जामीनदार मिळाले की आकस्मिक कर्ज हाती पडते आणि हप्ता पगारातून वळता होतो. परंतु त्याच शाळेत, त्याच कचेरीत, त्याच फलकावर लिहिणारा तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि शेजारच्या मेजावर बसणारा कंत्राटी लिपिक बहुधा या वर्तुळाबाहेर असतो. वळते करून घेण्याजोगा स्थिर पगार नाही म्हणून कर्ज नाही, आणि उद्याची शाश्वती नाही म्हणून जामीनदार नाही. ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तो सर्वांत दुर्मीळ, अशी ही उलटी व्यवस्था आहे. घरोघर वस्तू पोचविणाऱ्या तरुणांची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांच्यासाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी देण्याची तरतूद आहे. माथाडी मंडळाची कल्पनाच ही, पन्नास वर्षांनी पुन्हा अवतरलेली. तरतूद कागदावर राहते की पदरात पडते, हे मात्र तिची अंमलबजावणी ठरवील.

शेजारधर्माची दुसरीही एक मर्यादा आहे आणि ती पैशाची नाही. घर जळाले तर चार माणसे धावून येतात. मन जळत असेल तर ते कोणाला दिसत नाही, आणि दाखविण्याची सोयही नसते. चाळीत वा शिक्षकदालनात जी जवळीक मदतीस येते, तीच अशा वेळी आड येते. बोललेले चार ठिकाणी पोचेल, वरिष्ठांच्या कानी जाईल, मुलीच्या लग्नात विषय निघेल, या भयाने माणूस गप्प राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी ४२,००४ व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते, हे मान्य करूनही, दर चार जणांतील एक रोजंदार असावा ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

येथे ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी पण जबाबदार यंत्रणा अधिक उपयोगी पडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण दिले पाहिजे, असेही त्यात नमूद आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. हा क्रमांक किती शाळांच्या, किती कारखान्यांच्या सूचनाफलकावर लावलेला आढळेल, याचा शोध प्रत्येक संस्थेने स्वतःपुरता घ्यावा. हजेरीच्या नियमांसाठी फलकावर जागा असते. याच्यासाठीही ती असावयास हरकत नाही.

या सर्वाचा खर्च कोणी सोसायचा, असा आक्षेप मालकवर्गाकडून आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थांकडून नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. लहान कारखानदाराचा हातही पुष्कळदा तंगच असतो. परंतु कल्याणाचा खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होतो, हा हिशेब चुकीचा आहे. तो केवळ दुसऱ्याच्या वहीत मांडला जातो: बायकोच्या मंगळसूत्रावर, मुलाच्या सोडलेल्या शिक्षणावर, सावकाराच्या व्याजावर. शिवाय विवंचनेत बुडालेला कर्मचारी वर्गात वा यंत्रापाशी उभा राहिला तरी त्याचे चित्त तेथे नसते, आणि त्याची किंमत संस्थेलाही मोजावीच लागते.

म्हणून मागणी मोठी नसली तरी नेमकी असली पाहिजे. पतसंस्थांनी कंत्राटी सहकाऱ्यांसाठी, नियमांत बसेल अशा रीतीने, लहान रकमेच्या साहाय्य निधीचे दार उघडावे. कर्मचारी संघटनांनी वेतनश्रेणीच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांच्या विमावर्गणीचे कलम घालावे. ती वर्गणी कंत्राटदाराने बुडविल्यास मूळ मालकाने भरावी, हा राज्य विमा योजनेचा दंडक त्यांनी विसरू नये. कल्याण निधीतील मदतीसाठी अर्ज वरिष्ठाच्या मेजावरून जाण्याची प्रथा बंद व्हावी. कारण ज्याच्या शेऱ्यावर नोकरी टिकते त्याच्यापुढे कोणी आपले दुःख उघडे करीत नाही.

शेजाऱ्याने धावून जावे, हे कोणत्याही कायद्याने सांगावे लागत नाही, आणि कायद्याने ते साधतही नाही. परंतु धावून गेलेला शेजारी स्वतः कर्जात बुडू नये, आणि ज्याला शेजारीच नाही त्यालाही हात मिळावा, एवढी तजवीज समाजाला नियमाने करता येते. ती आपत्तीच्या दिवशी करता येत नाही. पगार वेळेवर होत असतात त्या निवांत महिन्यांतच ती करून ठेवावी लागते.