पितो हे गावाला ठाऊक

इंदूरजवळच्या मानपूरसारख्या गावात माणूस पितो हे कुणापासून लपत नाही. कलालीवर कोण किती वाजता दिसतो, कुणाची उधारी कुठवर गेली, रात्री कुणाला दोघांनी धरून घरी पोचवलं, सगळं सकाळी चहाच्या टपरीवर हजर. लपवायची असते ती एकच गोष्ट : तो आता सोडायला निघालाय. माझ्या नात्यातल्या मानपूरच्या एका काकांचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं. "दवाखान्यात गेलो तर कंपाउंडर आपल्याच गल्लीतला. उद्या गाव हसेल," म्हणाले. पिताना हसणाऱ्या गावाची त्यांना कधी फिकीर नव्हती.

आमच्या इंदुरी मराठी घरांत अशा वेळी पुण्याच्या मुक्तांगणचं नाव निघतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र आहे, आणि लौकिक त्यानं कमावलेलाच आहे. पण पुण्याहून बरं होऊन परतलेल्या माणसाला मानपूरची संध्याकाळ तीच असते, मित्र तेच, रस्ताही तोच. त्या संध्याकाळी जवळपास कुणीतरी आपल्यातलं लागतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही संघटना उभी राहिली ती या गरजेतून.

तिची सुरुवातच मुळी शोधाशोधीतून झाली. मे १९३५. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्यासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, आणि हॉटेलच्या लॉबीत बारमधली गडबड कानावर येत होती. त्यानं बारकडे न जाता तिथल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली : गावात माझ्यासारखा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. फोन करता करता गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. दहा जूनला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला, तोच एएचा स्थापना दिवस.

एए जाहिरात करत नाही. सभासदाचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी नवख्याला मात्र गोंधळात टाकते, कारण गल्लीत ठळक पाटी सापडत नाही. पत्ता विचारावाच लागतो. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे १४४४६, फोन फुकट लागतो. कोविडपासून एएच्या मीटिंगा मोबाइलवरही भरतात, दार लावून बसलं की शेजाऱ्यालाही कळत नाही. एक खबरदारी मात्र हवीच : वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं मनानंच एकदम बंद करू नये. फिट येते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

काका इंदूरला यायला तयार झाले, तेही 'तिथं कोण ओळखतंय' या भरवशावर. मीटिंग ओपन होती, म्हणजे सभासद नसलेल्यालाही बसता येतं, म्हणून मी सोबत गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, स्टीलच्या थर्मासमधला अतिगोड चहा. आडनाव कुणी विचारलं नाही, नोकरी नाही, जात तर नाहीच. आमच्याकडे या तीन गोष्टी न सांगता चहा मिळतो हेच नवल. बोलायची सक्ती नव्हती. काका तासभर मागच्या खुर्चीत गप्प बसले, आणि ते चालून गेलं. शेवटी पैशांची थैली फिरली. माझा हात खिशात गेला तसे शेजारचे गृहस्थ हलकेच म्हणाले, "पाहुण्यांकडून घेत नाही." खर्च सभासदच उचलतात, देणगीदार नको आणि सरकारही नको. लोक काय बोलले ते इथं लिहिणार नाही. त्या खोलीचा नियमच तसा आहे.

काकूंसाठी वेगळी सोय आहे, अल-अ‍ॅनॉन. नवऱ्याच्या खिशातल्या बाटल्या शोधण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनी एकमेकींशी बोलायचं ठिकाण. बिलची बायको लोइस हिनं ते १९५१ मध्ये उभं केलं. माझ्या मते घरातून पहिलं पाऊल काकूंनीच टाकावं. नवरा तयार होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

आपल्या मध्य प्रदेशात २०२३ मध्ये दारूच्या दुकानांचे अहाते, म्हणजे तिथंच बसून प्यायच्या जागा, बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर धरून १९ ठिकाणी दुकानंच उठली. चांगलं झालं. पण ज्याला दारू लागलीच आहे तो घाट चढून दुसरं गाव गाठतो, त्याला अंतर वाटत नाही. मीटिंगसाठी मात्र मानपूरहून इंदूर पंचेचाळीस किलोमीटर लांब पडतं. उपचारांचंही तसंच : एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो.

एएच्या नियमाप्रमाणे दारू सोडू इच्छिणारे दोन-तीन जण जमले की ग्रुप झाला, परवानगी कुणाची नको. मानपुरात, महूत ज्यांच्याकडे शाळेची, संस्थेची एखादी खोली रविवारी रिकामी असते, त्यांनी ती तासभर द्यावी. भाडं मात्र घ्या, ही मंडळी फुकट बसत नाहीत.