जमैकाचा वारसा आणि त्याचे वारसदार

मराठी वाचकाला जमैकाची ओळख बहुधा क्रिकेटने करून दिली. १९७१ साली किंग्स्टनच्या सबायना पार्कवर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि ते नाव घरोघरी पोचले. पुढच्या पिढीला ते बॉब मार्लीच्या गाण्यांतून कळले. २०१८ साली युनेस्कोने रेगे संगीताला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा एका उपेक्षित समाजाच्या संस्कृतीला अखेर न्याय मिळाला, असे समाधान अनेकांनी व्यक्त केले. हे समाधान जरा तपासून पाहिले पाहिजे. वारसा मान्य झाला, हे खरे. वारसदारांच्या पदरात काय पडले?

हिशेब मुळापासून मांडावा लागेल. गुलामांच्या व्यापारात सुमारे दहा लाख आफ्रिकन माणसे जमैकाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. त्यांतील काहींची पुढे अन्यत्र विक्री झाली, हे धरूनही १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा बेटावर तीन लाखांहून थोडेच अधिक गुलाम उरले होते. ही एकच वजाबाकी साखरेच्या मळ्यांचे सारे अर्थशास्त्र सांगते. मजूर जगवण्यापेक्षा नवा विकत घेणे मळेवाल्याला परवडत असे. मुक्तीच्या वेळी ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाईदाखल दोन कोटी पौंड मंजूर केले, ते आपल्या सर्व वसाहतींतील मालकांना. गुलामाला छदामही मिळाला नाही. उलट 'उमेदवारी'च्या गोंडस नावाखाली त्याला १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे ब्रिटनमध्ये पोटासाठी गेलेल्या जमैकन कामगारांच्या करातूनही त्यांच्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई होत राहिली!

आज ज्याला जमैकन संस्कृती म्हणतात ती या मळ्यांच्या कडेकडेने घडली. शिध्याचा खर्च वाचावा म्हणून मालक ऊसाला निरुपयोगी अशी डोंगरउताराची जमीन गुलामांना कसायला देत. तेथे त्यांनी सुरणासारखे यामचे कंद पिकवले आणि उरलेला माल रविवारी बाजारात नेला. मालक जवळ नसलेली ती एवढीच जागा. अकान लोककथांतील अनान्सी नावाचा लबाड कोळीकिडा तेथे सांगितला गेला, आणि ज्या भाषेत सांगितला गेला ती पाट्वा. तिच्यात 'तुम्ही'ला 'उनु' म्हणतात. तो शब्द इग्बो भाषेतला आहे. मुक्तीनंतर हेच लोक मळे सोडून डोंगरात गेले, पैपैसा साठवून जमिनीचे तुकडे घेतले, आणि त्यांतून 'कुटुंबाची जमीन' ही विलक्षण प्रथा रूढ झाली. ही जमीन विकायची नाही. मूळ पुरुषाच्या वा स्त्रीच्या सर्व वंशजांचा तिच्यावर सारखा हक्क, मग ते गावात असोत की लंडनमध्ये. ज्या माणसांची स्वतःचीच खरेदी-विक्री झाली होती, त्यांनी जमीन विक्रीबाहेर ठेवावी, यात केवढे शहाणपण आहे! इंग्रजी धाटणीच्या कायद्यात मात्र अशी मालकी सहज बसत नाही.

संस्कृती म्हणजे वरचा इमला, आधी पाया पाहा, असे सांगणारे काही डावे पंडित आपल्याकडेही आहेत. येथे पायाच संस्कृतीचा भाग आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

१८४५ पासून हिंदुस्थानातून सुमारे ३६ हजार गिरमिटिया मजूर जमैकात नेले गेले. त्यांच्याबरोबर गेलेला 'गांजा' हा शब्द तेथे आजही तसाच बोलला जातो. वसाहत सरकारने १९१३ साली गांजावर बंदी घातली. पुढे रास्ताफारी पंथाने तो उपासनेत स्वीकारला, आणि पोलिसांना या पंथाच्या गरीब माणसावर हात टाकण्याचे कायमचे निमित्त मिळाले. स्वातंत्र्याला वर्ष व्हायच्या आत, एप्रिल १९६३ मध्ये, माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स येथे काय घडले? आपल्या शेतांकडे जाणारी रोझ हॉल मळ्यातील वाट रास्ताफारींना बंद होत होती, आणि त्या जमिनीवर पर्यटनाचा डोळा होता. चिघळलेल्या वादात काहींनी पेट्रोल पंपावर हल्ला केला. आठ माणसे मेली, त्यांत पोलिसही होते. त्या हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु सरकारने त्याचा सूड साऱ्या पंथावर उगवला. निरपराधांना पकडून मारहाण झाली, त्यांच्या जटा कापल्या गेल्या. सरकारने माफी मागितली ती २०१७ साली. तोवर त्याच जटा पर्यटनाच्या जाहिरातींत झळकून जुन्या झाल्या होत्या.

समाजवाद्यांनीही येथे आरशात पाहावे. मायकेल मॅनली यांनी बॉक्साइट कंपन्यांवर १९७४ साली कर बसवला, साक्षरतेची मोहीम चालवली. ही कामे मोठीच. पण १९७२ च्या निवडणुकीत रेगे गायक त्यांच्या व्यासपीठावर होते, आणि पाट्वा काही शासनाची भाषा झाली नाही. लुईस बेनेट यांनी १९४२ पासून या भाषेतील कवितांचे संग्रह काढले, २०१२ साली तिच्यात नवा करार छापला गेला. राजभाषा इंग्रजी एकटीच राहिली.

पर्यटनातून परकी चलन येते, त्यावर हजारो संसार चालतात, हा युक्तिवाद खोटा नाही. त्याची किंमत कोण देतो, एवढाच प्रश्न आहे. १९५६ च्या किनारा-नियंत्रण कायद्याने किनारपट्टीचे हक्क ब्रिटिश राजसत्तेकडे सोपवले आणि सामान्य नागरिकाला समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्क दिला नाही. परवाने हॉटेलांना मिळाले. 'अनेकांतून एक जनता' हे राष्ट्राचे बोधवाक्य. त्या एका जनतेला हॉटेलच्या कुंपणाशी अडवले जाते, आणि आत तिचेच गाणे वाजत असते.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश राजाला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक स्थापण्याचे विधेयक जमैकाच्या संसदेत मांडले गेले. मोठा वाद झाला तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला अंतिम न्यायालय म्हणून ठेवावे की नाही, यावर. मॅमी बेच्या मच्छीमारांनी त्याआधीच न्यायालयाची पायरी चढली होती. त्यांना आपल्या किनाऱ्यावर जायची वाट हवी होती.