वंशावळीची पहिली नोंद कागदाची, माणसाची नव्हे

१/ वंशावळीचे साहित्य नोशन किंवा ऑब्सिडियनमध्ये लावताना नवा अभ्यासक बहुधा प्रत्येक पूर्वजाच्या नावाने एक पान उघडतो. मांडणी सुबक दिसते; पुराव्याच्या दृष्टीने मात्र ती उलटी आहे.

२/ मराठी घराण्यांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. पेशव्यांचेच पाहावे: बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. ‘बाजीराव’ एवढ्याच शीर्षकाखाली नोंदी साठल्या, तर आजोबा-नातू एका पानात मिसळतात.

३/ कालगणनेचेही तसेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे अर्धसत्य आहे. जेधे शकावलीतील शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. केवळ ७८ मिळवणारा १६२९ वर थांबतो. म्हणून मूळ तिथी एका रकान्यात असावी, तिचे रूपांतर दुसऱ्यात.

४/ तेव्हा कुलवृत्तांत, तीर्थोपाध्यायांची वही, मोडी पत्र अशा प्रत्येक साधनाला स्वतंत्र पान द्यावे: कागद कोठे आहे, कोणी व केव्हा लिहिला, मूळ मजकूर काय. व्यक्तीच्या पानावर केवळ त्यांचे दुवे असावेत. दोन कागदांत विसंगती आढळल्यास ती मिटवू नये. दोन्ही शेजारी ठेवावीत.

५/ अनेक छापील वंशावळींत स्त्रियांची नावेच नाहीत आणि सुबक वंशवृक्षात ती उणीव जाणवतही नाही. कागदाच्या पानावर ‘मातेचे नाव दिलेले नाही’ अशी नोंद राहिली, तरच पुढचा अभ्यासक ते नाव शोधू लागेल.